पौषातल्या अवसेचं लग्न

नाशिकहून निघताना शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर दही ठेवलं. मी ते खाल्लं, कारण मला दही आवडतं. काकू समाधानाने घरात गेल्या. आमचं हे असं वर्षानुवर्षं चाललं आहे. मी देव मानत नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या वाटचं त्याच मानून टाकतात. या खेपेला मात्र मी कुठे आणि कशाला चालले आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दही मिळालं नसतं.

मी चालले होते लग्नाला. पौष महिन्यात, अमावास्येला, तीही शनिवारची. माणदेशातल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आता माझी माणसं आहेत आणि त्यांना तिथेच राहायचं आहे.

आमच्या नाशकात देव नाही असं उघड म्हणणारी आम्ही पाचसहा डोकी. दर रविवारी एका शिंप्याच्या माडीवर जमतो, चहा पितो, एकमेकांना पटलेलंच पुन्हा एकदा पटवून देतो आणि दिवेलागणीला घरी जातो. खाली गोदाकाठी पिंडांच्या पंगती चालूच असतात. त्यांना आमचा त्रास नाही, आम्हाला त्यांचा नाही. मिरजेची मंडळी तशी नव्हेत. तिथे अण्णा म्हणून एक गृहस्थ आहेत, सायकलींचं दुकान चालवतात आणि त्या दुकानातूनच देवाशी भांडण चालवतात. त्यांचा निरोप आला होता की त्यांच्या नास्तिक मंडळातल्या एका कार्यकर्त्याचं लग्न आहे, मुलीच्या आईला समजवायला एखादी पोक्त बाई हवी, आणि आमच्यात तशी कुणी नाही. पोक्त म्हटल्याचा मला राग आला, पण मी निघाले.

शिरवळ

कात्रजचा घाट उतरून एस.टी. शिरवळला थांबली. चहाच्या हॉटेलात बाकावर शेजारी एक पटकेवाले आजोबा होते. त्यांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं, "कुनीकडं निघालाय बाई?"

"लग्नाला."

"पौषात?" बशी तोंडाशी नेता नेता थांबली.

"अमावास्येला."

त्यांनी बशी खाली ठेवली. "पोरीचं कोन वैरी हाय का?"

"नाही हो. तिनंच ठरवलंय."

"मग पोरगीच येडी हाय," असं म्हणून त्यांनी चहा संपवला. पण गाडी सुटायच्या वेळी माझी पिशवी त्यांनीच उचलून आत दिली आणि वरून म्हणाले, "जपून जावा. अवस लय वाईट." या भागातली माणसं तुम्हाला तोंडावर मूर्ख म्हणतात आणि तुमचं ओझंही उचलतात. आमच्याकडे तोंडावर ताई म्हणतात आणि ओझं तुमचं तुम्हीच उचलायचं असतं.

सातारा

नवरीमुलगी साताऱ्यात भेटली. तिचं नाव तारा, वय पंचविशीचं, प्राथमिक शाळेत शिक्षिका. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बोळात एक खोली घेऊन राहत होती. माझ्यासाठी तिने कंदी पेढे आणून ठेवले होते आणि पिठलं-भाकरी केली होती. मी आधी पेढे खाल्ले.

मी तिला सुचतील ते मोठे मोठे प्रश्न विचारले. तू निरीश्वरवादाकडे कशी वळलीस, घरचा विरोध कसा सोसलास, वगैरे. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "बाई, देव आहे का नाही याचा माझा फारसा विचार झालेला नाही. वसंतरावांचा झालाय. ते मिरजेला दवाखान्यात कंपाउंडर आहेत, अण्णांच्या मंडळात जातात. त्यांना तसं लग्न हवंय. मला हवंय ते वेगळ्या कारणानं."

ते कारण तिने भाकऱ्या संपेपर्यंत सांगितलं. तारा वर्षाची व्हायच्या आत वडील गेले. आई सोनाक्का. दीर-जावांच्या घरात राबून तिने मुलीला शिकवलं. तारा सातआठ वर्षांची असताना चुलतबहिणीचं लग्न होतं. सोनाक्काने पहाटेपासून साऱ्या वऱ्हाडाचा स्वयंपाक रांधला, आणि अक्षता पडायची वेळ आली तेव्हा थोरल्या दिराने सांगितलं, तू आत बस. रांडमुंड बाईची सावली नवरीवर नको. ती धान्याच्या कणगीमागे जाऊन बसली. तारा तिच्यापाशी होती.

"बाहेर मंगलाष्टकं चालली होती," तारा म्हणाली. "आईनं मुठीत तांदूळ घेतले होते. सावधान म्हटलं की ती ते कणगीवर टाकायची. दर वेळी. मी विचारलं, आई, कणगीचं लगीन हाय का? तर हसली. मी तेव्हाच ठरवलं की माझ्या लग्नात आईला कुणी आत बस म्हणायचं नाही. ज्या लग्नात भटजी नाही, मुहूर्त नाही, सवाष्णी नाहीत, त्यात आईला आत बसवणार कोण? म्हणून हे लग्न. आणि म्हणूनच आईच्या दारात."

नास्तिकपणाची इतकी चांगली बाजू मी तीस वर्षांत कुठल्या व्याख्यानात मांडली नव्हती.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"आईच बाहेर यायला तयार नाही. तिला वाटतं, आपली सावली वाईटच आहे. आधी थोडी तरी ऐकत होती. अण्णांनी अमावास्या ठरवली आणि तेव्हापासून तिनं बोलणंच टाकलं. म्हणते, तुमी करा, मी चुलीपाशी बरी."

मिरज

अण्णांना मी दुकानातच गाठलं. साठीचा वाळका माणूस, हाताला वंगण, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. मी बसायच्या आत त्यांनी गल्ल्यामागून पंचांग काढलं आणि मला दाखवलं. इतकं हाताळलेलं पंचांग मी पंचवटीतल्या भटजींकडेही पाहिलेलं नाही. पानापानाला वंगणाची बोटं उमटलेली.

"बघा," ते म्हणाले, "पौष. त्यात अवस. त्यात शनिवार. याच्याहून वंगाळ दिवस साऱ्या वर्षात न्हाई. मी दोन रात्री शोधत होतो." मग जरा चिंतेने म्हणाले, "फकस्त एक घोळ हाय. अवस सकाळी साडेधाच्या आसपास संपतीया. त्याच्या आत उरकायला पायजे."

"म्हणजे मुहूर्त आहे तर," मी म्हटलं.

अण्णांनी पंचांग मिटलं. त्यांना ते आवडलं नाही. मंगळवार मावळेपर्यंत ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

बुधवारी सकाळी मात्र ते हातात पिशव्या घेऊन हजर. मिरजेच्या मंडळाचा हा नेम आहे. मंगळवारी संध्याकाळी बायाबापड्या तिकटीवर उतारे टाकतात. दहीभात, लिंबू, कुंकवाने माखलेला नारळ. बुधवारी सकाळी ही मंडळी गावभर फिरून ते नारळ गोळा करतात. ज्या नारळाला वळसा घालून सारं गाव चालतं, त्याला हे हात घालतात, हलवून पाणी ऐकतात आणि पिशवीत टाकतात. मीही तीन उचलले. पहिला उचलण्याआधी मी आजूबाजूला पाहिलं, हे कबूल करते. एक म्हातारी समोरून येत होती, ती थबकली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. अण्णा तिला म्हणाले, "आवं मावशी, संध्याकाळी दुकानात या. वड्या करनार हाय." म्हातारी पाठ फिरवून गेली. संध्याकाळी ती आली नाही, पण तिचा नातू येऊन दोन वड्या घेऊन गेला.

वड्यांच्या बैठकीला आठदहा माणसं होती. दस्तगीरभाई होते, तंबोरे बनवणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं. "गवई येतो, माझ्या तंबोऱ्याला हार घालतो, पाया पडतो. मी म्हनतो, आरं गड्या, भोपळा हाय त्यो. घासून घासून माजी बोटं गेली, तिकडं बघ की." सांगलीजवळचे आप्पा पाटील होते, जैन शेतकरी, हळदीचा व्यापार. ते म्हणाले, "आमच्या धर्मात जग करणारा देव मुळातच नाही की हो बाई. मी नवं काय सोडलं?" एवढं बोलून ते घाईने उठले, कारण सूर्य मावळत आला होता आणि त्यांचं जेवण व्हायचं होतं. देव नसला तरी अंधार पडल्यावर घास घेणं त्यांना जमत नाही. अण्णा त्यांना यावरून फार छळतात.

वड्या उत्तम झाल्या होत्या. मी पाच खाल्ल्या. गुरुवारी माझं पोट असं बिघडलं की विचारू नका. एखादा नारळ कुजका असणार, किंवा पाच वड्या हाच रोग. अण्णांच्या बायकोने मला ओवा दिला आणि दार लावून घेतलं. "कुनाला सांगू नका हं बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "गाव म्हनंल, भोवला उतारा." मग तिनेच सांगितलं की गेल्या साली अण्णांचा पाय घसरला तो नेमका अवसेला. पाय सुजून एवढा झाला होता, तरी गडी दुकानात उभा राहायचा आणि घरी येऊन विव्हळायचा. मंडळातल्या एकाची म्हैस मेली, त्यानेही आठवडाभर सांगितलं नाही.

ते ऐकून मला हसू आलं आणि मग संतापही आला. आस्तिकाला ताप आला तर तो ताप असतो. आम्हाला आला की तो पुरावा. आम्हाला आजारी पडायचीसुद्धा सोय नाही.

हळदीची लॉरी

शुक्रवारी आप्पांच्या लॉरीतून निघालो. लॉरीने आदल्या दिवशी हळदीची पोती वाहिली होती. आप्पांनी झाडून घेतली होती म्हणे. विट्याच्या पुढे रस्ता असा की बूड टेकत नव्हतं, आणि दर खड्ड्याला फळ्यांच्या फटींतून पिवळा धुरळा उडत होता. म्हसवड मागे टाकून गावात उतरलो तेव्हा अण्णांची टोपी, माझं पांढरं पातळ, सतरंज्या, सगळं पिवळंधमक झालं होतं. वेशीवर चार माणसं आमची वाटच बघत बसली होती. त्यातला एक म्हणाला, "ह्ये बघा, नवरीच्या आदी ह्येंनीच हळद लावली." अण्णा, ज्यांनी हळदीचा विधी कार्यक्रमातून काढून टाकला होता, ते टोपी झटकत राहिले.

माणदेशाचा माळ मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे नजर कुठेतरी डोंगराला, झाडाला अडते. इथे ती जाते ती जातेच. ओघळाकाठी शाळूचे हिरवे पट्टे, बाकी दगड आणि मेंढरं. वारा बोचरा. अशा ठिकाणी देव मानावा असं माणसाला का वाटतं ते मला कळलं, आणि कळलं याचा रागही आला.

गावात लग्नकार्याची भांडी देवळात ठेवलेली असतात, मागेल त्याला मिळतात. आम्हाला मिळाली नाहीत. ताराचे थोरले चुलते तात्या, ज्यांनी त्या वेळी सोनाक्काला आत बस म्हटलं होतं तेच, त्यांनी पारावरून सांगितलं, "द्येवाची भांडी हायती. ज्येला द्येव न्हाई त्येला भांडी न्हाईत." पुढे म्हणाले, "तुमच्यासारक्यांच्या पापानंच कोयनेला जमीन हालली." त्या भूकंपाला वर्ष उलटून गेलं होतं, पण त्या भागात तो अजून कालचाच होता.

"तिथं मेली ती समदी द्येवाला मानणारीच हुती की," अण्णा म्हणाले. "त्यांच्यावर कशाला राग काढला मग?"

भांडी दिली ती धोंडीरामने. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला हा पन्नाशीचा माणूस, मुंबईच्या गिरणीत काही वर्षं काढून परत आलेला. बैलगाडीत पातेली, पराती, ओगराळी घालून स्वतःच घेऊन आला. वस्तीने बुद्धपौर्णिमेसाठी मिळून घेतलेली ती भांडी होती. आम्ही आभार मानायला लागलो तर म्हणाला, "आमी आमचं द्येव कवाच वढ्याला सोडलं. तुमी आत्ता सोडाय लागलाय. उशीर क्येला." मग अण्णांकडे रोखून बघत विचारलं, "ह्या भांड्यातलं खानार न्हवं समदी?"

अण्णा म्हणाले, "खानार. जो खानार न्हाई त्येनं मंडळाचं नाव सांगायचं न्हाई." वसंतरावांच्या नात्यातले दोघे त्या संध्याकाळीच म्हसवडला परत गेले. कुणी थांबवलं नाही.

सोनाक्काचं घर

दोन खणांचं घर, पुढे ओसरी. सोनाक्का चुलीपाशी होती. मला वाटलं होतं वाकलेली, विझलेली बाई असेल. निघाली चांगली उंच, रुंद हाडाची, पंचेचाळिशीची. धुवट लुगडं, कपाळ आणि मनगटं मोकळी. तिने मला हुलग्याचं माडगं दिलं, पोटाला बरं म्हणून. माझं पोट बिघडलंय हे तिने तोंड बघून ओळखलं होतं. मग बाजरीच्या भाकऱ्या थापत राहिली आणि मी बोलत राहिले.

मी सगळं सांगितलं. सावली म्हणजे उजेड अडणं, दुसरं काही नाही. नवरा जाणं हा बाईचा गुन्हा नाही. नाशकातल्या विधवा, त्यांनी शिकून काय काय केलं. ती हुंकार देत होती. शेवटी तिने हात धुतले आणि माझ्यासमोर बसली.

"बाई, तुमी म्हंताय त्ये खरं आसंल," ती म्हणाली. "पन खोटं निगालं तर पोरगी माजी जाईल. तुमची न्हाई."



मी तडक ओसरीवर गेले आणि अण्णांशी भांडले. तारा आणि वसंतराव तिथेच होते, गुरुवारी साताऱ्याच्या कचेरीत सह्या करून आले होते. मी म्हटलं, "ज्या बाईसाठी हे लग्न, तिलाच तुम्ही सगळ्यांत वाईट दिवस शोधून दिलात. ती आधीच घाबरलेली. तुमचं शौर्य कुणाच्या जिवावर चाललंय? दिवस बदला. सोमवारी करा."

"गावाला काय सांगू?" अण्णांचा आवाज चढला. "भ्यालो म्हनून? ही माघार झाली बाई."

"अमावास्या तुम्हाला देवाहून मोठी झाली आहे."

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "ताराला इचारा. ती म्हनंल तसं." तो माणूस वाईट नाही. हट्टी आहे.

तारा आत गेली. आम्हाला बाहेर सगळं ऐकू येत होतं. "आई, दिवस बदलतो आमी. सोमवारी करू. मग येशील बाहेर?"

"दिवस बदलून काय हुतंय?" सोनाक्का म्हणाली. "माजी रोजच अवस हाय. उद्याच करा."

तारा बाहेर आली. डोळे कोरडे होते. "उद्याच," ती म्हणाली. "पण एक सांगते अण्णा. मला बाकी काही विधी नको. कुंकू मात्र आईच्या हातचं लावीन. तिनं नाही लावलं तर तशीच उभी राहीन."

"कुंकू तरी कशाला?" अण्णा म्हणाले. "तीबी अंधश्रद्धाच."

"तुमचं शास्त्र तुमच्याजवळ राहू दे," ती म्हणाली.

अवस

शनिवारी सकाळी ओसरीपुढे सतरंज्या अंथरल्या. मंडळाची माणसं, वसंतरावांचे आईवडील, वस्तीतून धोंडीराम आणि बरीच बायामाणसं आली. उरलेलं गाव समोर पारावर. बोलावलं तेव्हा आलं नाही, पण एकही माणूस घरी राहिला नव्हता. कुणाला वीज पडताना बघायची होती, कुणाला साप निघताना.

तारा बाहेर आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि कपाळ मोकळं. पारावर गलका झाला. मी देव मानत नाही, शकुन मानत नाही, पण नवरीचं ते उघडं कपाळ बघून माझीही नजर चटकन खाली वळली. लहानपणापासून मुरवलेलं असं सहजासहजी जात नाही. मी दाराशी उभी होते. आत कणगीला टेकून सोनाक्का बसली होती आणि तिला तिथून सगळं दिसत होतं.

तारा उभी राहिली. वसंतरावांच्या हातात हार होता. ती म्हणाली, "थांबा जरा."

आम्ही थांबलो. अण्णांनी घड्याळ काढलं, बघितलं, ठेवलं, पुन्हा काढलं.

शेवटी तात्याच पार उतरून आले. त्यांनाही ते कपाळ बघवेना. मागे त्यांची बायको, हातात करंडा. "आगं लाव तिला," ते बायकोला म्हणाले, "पोरगी घरान्याची हाय." चुलती पुढे झाली. तारा मागे सरली.

"काकी, राग धरू नका. आई लावंल. न्हाईतर कोन न्हाई."

तात्या दाराकडे वळले. "सोने, सांग ह्या पोरीला. भायेर यिऊ नगं, आतनंच सांग. तुजी सावली तिच्यावर पाडू नगं. उद्या काय झालं तर गाव तुला धरंल."

माझ्या शेजारून लुगड्याची सळसळ झाली. मी बाजूला झाले.

सोनाक्का उंबऱ्यावर उभी राहिली. मला नंतर कळलं की लग्न होऊन आल्यापासून ती या दिरासमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती. तिने पदर डोक्यावर घेतला, पण तोंड झाकलं नाही.

"आवं भावजी," ती म्हणाली, "माजं लगीन कुनी ठरवलं? तुमीच न्हवं? गुन जुळिवलं. घटका मोजली. पाच सवाष्नींनी मला कुक्कू लावलं, त्यात ह्या जाऊबाई व्हत्या. तिसऱ्या वर्साला त्यो हिरीच्या दरडीखाली ग्येला. मग मला सांगा, त्या पाचातल्या कुनाची सावली वंगाळ व्हती?"

तात्यांची बायको खाली बघत उभी राहिली. तात्या म्हणाले, "तसं न्हवं गं."

"मग कसं? त्यांची सावली पडली तर नशीब, आन् माजी पडली तर दोस? येवडी वर्सं म्या कुनाला इचारलं न्हाई. आज इचारत्ये."

ती उंबरा उतरली, जावेच्या हातातला करंडा घेतला, आणि आधी ताराकडे न जाता पूर्वेला म्हसवडच्या दिशेला, सिद्धनाथाच्या देवळाकडे तोंड केलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाथा, तू बगतुयास. म्या रांडमुंड बाई, माज्या हातानं लावत्ये. पोरीच्या वाटंला जायचं न्हाई. काय करायचं आसंल त्ये मला कर."

मग तिने बोट बुडवलं आणि मुलीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. लावून झाल्यावर आत गेली नाही. ताराच्या शेजारी उभी राहिली, हार घातले जाईपर्यंत, आणि नंतरही.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. आम्ही मंडळींनी जन्मभर ज्या देवाला आव्हान दिलं तो आमच्या मते जागेवर नव्हताच. उतारा खाल्ला, अवस पाळली नाही, यात आम्हाला भीती ती लोकांची. ही बाई तो आहे असं मानत होती. तो बघतो, चिडतो, मारतो, हे सगळं मानत होती, आणि त्याच्या तोंडावर बोलली.

अण्णांचं भाषण व्हायचं होतं. अवस संपून चांगला वेळ झाला होता आणि हे तिथे फक्त अण्णांना माहीत होतं. ते उभे राहिले, घड्याळ खिशात टाकलं, सोनाक्काला हात जोडले आणि म्हणाले, "आता समदी जेवायला बसा." धोंडीरामच्या पातेल्यांतली पहिली पंगत वाढली गेली. थोड्या वेळाने पारावरची दोनतीन माणसं येऊन कडेला बसली. तात्या बसले नाहीत. त्यांची बायको बसली.

नाशिक

परत आल्यावर शिंप्याच्या माडीवर मी हे सगळं सांगितलं. सगळे मन लावून ऐकत होते. संपल्यावर पहिला प्रश्न आला तो आमच्यातल्या सगळ्यांत पक्क्या नास्तिकाकडून. "मग पुढे? मुलगी बरी आहे ना?"

दही देणाऱ्या काकूंनीही नेमकं हेच विचारलं. ज्याला ज्याला ही हकीकत सांगते तो हेच विचारतो. तुम्हीही आता विचारणार.

मला खबर आहे. मिरजेहून कळत असतं. पण मी सांगणार नाही. तारा सुखात आहे असं म्हटलं तर तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल आणि म्हणाल, बघा, काही झालं नाही, म्हणजे सोनाक्काचा हात चांगला. मग उद्या ताराला साधा हिवताप आला, पाय मुरगळला, पोर दगावलं, जे कुणाच्याही घरात होतं, तर तोच हात वाईट ठरणार. तात्या पारावर बसून दुसरं काय करतात? त्या बाईने पोरीच्या कपाळी कुंकू लावलं. आईने लावावं तसं लावलं. त्याचा निकाल पुढच्या सुखदुःखावर लावायचा तर ती आजही कणगीमागेच बसली आहे.

मी तो हात जवळून पाहिला आहे. पुढचं मला विचारू नका.